चार ढेपा गूळ

सन १८८३. मी एकोणीस वर्षांचा होतो. वय आईच्या सांगण्यावरून लिहितो. घाट चढून आगगाडी देशावर जायला लागली, त्याच्या पुढल्या साली मी झालो असं ती म्हणायची. ज्याला हिशेब करायचा त्याने करावा.

मी शिकलेला नाही. दीड वर्ष पंतोजींकडे गेलो. एके दिवशी माझी चूक नसताना त्यांनी छडी मारली. मी पाटी त्यांच्या पायाशी ठेवली आणि घरी आलो. ते दोनदा बोलवायला आले, गेलो नाही. वाचायला शिकलो ते वखारीत, पोत्यांवरच्या खुणा बघून. तेव्हा अक्षराला नावं ठेवणाऱ्यांनी खुशाल ठेवावीत.

कल्याणच्या बंदरावर तांदळाची मोठी वखार होती. गलबतं भरतीबरोबर खाडीतून वर यायची आणि पोती भरून ओहोटीला निघून जायची. भरायला वीस-पंचवीस हमाल. अंगावर लंगोटी आणि डोक्याला पागोटं, बाकी काही नाही. त्यांच्या पाठी घामाने अशा चमकायच्या की नव्याने तेल दिलेल्या होड्याच. मी त्यांच्यात नव्हतो. मी दाभण घेऊन पोत्यांची तोंडं शिवायचो. ते काम म्हाताऱ्यांचं, नाही तर बायकांचं. मुकादमाने पहिल्याच दिवशी माझ्या खांद्यावर हात ठेवला, हाड चाचपलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ह्याच्यावर पोतं ठेवलं तर मागून शिवायचं काय? पोतं की हा?"

सगळे हसले. मीही हसलो. तेच माझं चुकलं. त्या दिवशी हसलो नसतो तर पुढलं कदाचित झालं नसतं.

वखारीत एक मापाडी होता. मोठा काटा त्याच्या ताब्यात. जिभेने कडू, हाताने सच्चा. अर्धा शेर इकडचा तिकडे होऊ द्यायचा नाही. त्याने माझं नाव ठेवलं, उणा मण. चाळीस शेरांचा मण. माझ्या अंगाकडे बघून तो शपथेवर सांगायचा की हा पोरगा मणात भरायचा नाही.

"ये रे, बैस पारड्यात, एकदाचं होऊन जाऊ दे," तो रोज म्हणायचा.

"माझं वजन विकायला काढलंय का?"

"विकायला काढलंस तरी घेणार कोण? हाडांना गिऱ्हाईक नसतं बाबा."

मी कधीच बसलो नाही. बंडीही कधी काढली नाही. आईने थंडीसाठी रुई भरून शिवलेली बंडी होती, ती मी बारा महिने घालायचो. त्यात खांदे जरा रुंद दिसायचे. वैशाखात घामाने ती ओली गच्च होऊन अंगाला चिकटायची, तरी काढायचो नाही. हमाल खाडीत उड्या मारायचे तेव्हा मी काठावर बसून सुतळी वळायचो. "पाणी बाधतं मला," म्हणायचो. खाडीकाठी जन्मलेल्या पोराला पाणी बाधतं!

त्या दोन-तीन वर्षांत माझं चित्त एका जागी नव्हतं. भिंतीवर सावली पडली की मी वळून बघायचो, ती तरी रुंद दिसते का. दंडाला काथ्याची दोरी गुंडाळून गाठ मारून ठेवली होती. रोज सकाळी ती दंडाला लावायची, गाठ पुढे सरकते का बघायची. ती जागची हलायची नाही. कमरेचा करदोटा मी मुद्दाम सैल ठेवलेला. त्यात चार बोटं जायची. एक दिवस हा घट्ट होईल, मग बघू कोण हसतो ते, असा माझा त्या दोऱ्याशी करार होता. कुणी सांगितलं भिजवलेले हरभरे खा, ते खाल्ले. कुणी म्हणालं पेजेत कच्चं अंडं टाक, तेही प्यालो आणि ओकलो. एका हमालाने गंभीर तोंड करून सांगितलं की छातीवर वीट ठेवून निजलं की छाती पसरते. महिनाभर मी वीट घेऊन निजलो. आईने विचारलं तर म्हणालो, देवाची आहे. नंतर कळलं की वखारभर रोज विचारणा व्हायची, "काय रे, उण्या मणाची वीट रुजली का?"

आता आईचं सांगतो, कारण गोष्ट तिची आहे.

मी पाच वर्षांचा असताना पटकीची साथ आली. बाप दोन दिवसांत गेला. तिसऱ्या दिवशी मी पडलो. आईने खाडीच्या टेकडीवरल्या देवीला नवस केला: एवढा एक राहू दे, अंगापिंडाने भरला की त्याच्या भारंभार गूळ वाहीन. मी राहिलो. भरायचा मात्र राहिलो. दरवर्षी चैत्राच्या जत्रेत लोकांच्या पोरांच्या तुळा व्हायच्या, एका पारड्यात पोर, दुसऱ्यात गूळ. आई देवीला हात जोडून म्हणायची, "पुढल्या साली आई, जरा अंग धरू दे त्याला."

अशी चौदा वर्षं गेली.

मग आदल्या श्रावणात मला ताप भरला. शुद्ध नव्हती. घर गळत होतं, अंथरुणाखाली पाणी आलं, तेव्हा आईने मला एकटीने उचलून कोरड्या जागी नेलं. ती वखारवाल्याकडे भात कांडायला जायची. मणाची पाटी रोज उचलायची, उतरवायची. तिच्या हातांना मण ठाऊक होता. मी बरा झालो, आणि दसऱ्याला तिने एवढंच सांगितलं, "ह्या चैत्रात तुझी तुळा करायची."

"मी भरलो कुठे अजून?"

"नसू दे."

दोनच शब्द, पण मला ते सुरीसारखे लागले. चौदा वर्षं जी माझी वाट बघत होती, तिने वाट बघणं सोडलं होतं.

तिने चार महिने मजुरीच्या बदल्यात गूळ घेतला. देशावरून आलेल्या गुळाच्या ढेपा, प्रत्येक बरोबर दहा शेरांची. एकेक आणून माळ्यावर पळसाच्या पानांत ठेवायची, मुंग्या येऊ नयेत म्हणून भोवती राखेचं कडं काढायची. चार झाल्या तशी थांबली.

"चारच?" मी विचारलं.

"तू मणाला दोन शेर कमी आहेस. देवीला उणं नको म्हणून दोन शेर वर धरलेत."

"तुला काय माहीत?"

तिने नुसते दोन्ही तळहात वर करून दाखवले.

म्हणजे मापाडी बोलत होता ते खरं होतं, आणि आता ते साऱ्या कल्याणसमोर टांगून दाखवायचं होतं. काटा वखारीतूनच यायचा, तोलायला मापाडीच यायचा. वर भरीस भर, आईने ठाण्याच्या एका माणसाला त्याच दिवशी बोलावलं. तो मिठागरावर मुकादम होता, त्याची मुलगी लग्नाची होती. "जत्रेला या, पोरगाही बघून होईल," असा निरोप धाडला. रोज शंभर खांदे बघून मिठाच्या पाट्या वाटून देणारा माणूस मला पारड्यात बसलेला बघणार!

माझा एक कोळी दोस्त होता, कोपरकडचा. भरतीबरोबर होडी घेऊन मासळी विकायला बंदरावर यायचा. त्याचा पाग, म्हणजे फेकायचं गोल जाळं, वाळत टाकलेला मी नेहमी बघायचो. पागाच्या घेराला शिशाच्या गोळ्या ओवलेल्या असतात, त्या वजनाने तो पाण्यात बसतो. एका पागाचं शिसं चार शेर. त्याच्याकडे दोन पाग होते.

"दोन्ही पागांचं शिसं काढून दे मला. एक दिवस," मी म्हणालो.

"येडा झायला काय रं? बिनशिशाचा पाग टाकू कसा? वरच तरंगंल ना तो, पदरासारखा!"

"एकच दिवस."

"आन करशील काय त्याचं?"

मी सांगितलं. तो आधी हसला, मग त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं.

"तुझी मर्जी. पन शिसं मना परत पायजे, गोली न् गोली. मी सोता येतंय देवलात, नजर ठेवाला."

जत्रेच्या सकाळी मी घराच्या मागे गेलो आणि गोळ्यांच्या दोन्ही माळा कमरेला धोतराखाली आवळून बांधल्या. वरून रुईची बंडी. माझ्यात अडतीस शेर, माळांत आठ. मण ओलांडून सहा शेर वर! दंड तोच, छाती तीच, पण टेकडी चढताना मला वाटत होतं की मी जड पावलांनी चाललो आहे, हमालांसारखा. गोळ्या हाडांवर घासत होत्या. ते दुखणंसुद्धा मला आवडत होतं. खोटं कशाला सांगू.

देवळासमोर तीन वासे उभे करून काटा टांगला होता. गर्दी होती. वखारीतले हमाल आले होते, शेजारच्या बायका आल्या होत्या. कोळी दोस्त पुढे येऊन उभा राहिला आणि माझ्या कमरेकडे बघत राहिला. ठाण्याचा मुकादम एका दगडावर बसलेला. काळा, रुंद, मिशांना पीळ. त्याने मला वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं आणि तपकीर ओढली.

गुरव म्हणाला, "बैस. आणि ऐक, काटा सम झाल्याशिवाय उतरायचं नाही. मधेच उतरलास तर नवस उलटतो."

मी बसलो. पारडं धप्पकन जमिनीला टेकलं. मापाड्याने माझ्याकडे बघितलं, भुवया वर केल्या. आईने पहिली ढेप कपाळाला लावून दुसऱ्या पारड्यात ठेवली.

"लाभ," मापाडी ओरडला. आमच्याकडे मोजताना एक म्हणत नाहीत.

दुसरी. तिसरी. काटा हलला नाही. गर्दीत कुजबूज सुरू झाली. आईने चौथी ठेवली. दांडी जराशी थरथरली आणि तशीच राहिली. माझं पारडं जमिनीवर.

"अरे, पोरगा भारी निघाला!" एक हमाल म्हणाला.

"दिसतो काडी, पण हाड जड आहे हां."

"मापाडी, कुठे गेला तुझा उणा मण?"

ह्या वाक्यांसाठी मी तीन वर्षं जळलो होतो. ती मी कानांनी ऐकली. ठाण्याचा मुकादम दगडावरून उठून जवळ आला, बघू लागला. मला वाटलं, बस्, आता ह्याच्यापुढे काही नको. तीन-चार श्वासांपुरतं ते सुख होतं.

मग मी आईकडे बघितलं.

ती रिकामं फडकं हातात घेऊन उभी होती. त्यातला गूळ संपला होता आणि काटा सम नव्हता. मी इतका मूर्ख, मी माझ्या पारड्याचाच विचार केला होता! दुसऱ्या पारड्याचा माझ्या मनातच आला नव्हता. तिच्याजवळ चार ढेपा होत्या, पाचवी नव्हती.

शेजारच्या बायका धावल्या. "थांब गं, माझ्या घरात आहे खडा." "मी आणते वाटीभर." आईने हात आडवा केला.

"नको. कुणाचं नको. माझ्या कष्टाचं वाहीन असं बोललेय मी."

"अगं पण काटा..." गुरव म्हणाला.

"बघतेय मी काटा." ती देवीकडे वळली. आवाज मोठा केला नाही, तरी सगळ्यांनी ऐकलं. "आई, माझे हात चुकले. मी ह्याला उचलला होता, मला वाटलं कळलं मला. मीच माझ्या पोराला हलका धरला."

आणि ती आपले तळहात बघायला लागली. उलटे करून, सुलटे करून, जणू दुसऱ्याच कुणाचे आहेत. त्या हातांनी तिने आयुष्यभर भात कांडलं होतं. मापाड्याचा काटा आल्यावरही वखारवाला कधीकधी तिलाच विचारायचा, "बघ गं, ही पाटी मणाची आहे का?" त्या हातांवरला तिचा विश्वास मी सगळ्या गावासमोर काढून घेतला होता.

मी हट्टी माणूस आहे. आजही आहे. पारड्यात बसून मी मनाशी म्हणालो, मरेन पण उतरणार नाही, सांगणार नाही. ठाण्याचा माणूस चार हातांवर उभा होता. मी दात आवळले. आई हात बघतच राहिली.

मग मी पागोट्यात खोचलेली दाभण काढली.

माळांची गाठ घामाने आवळून दगड झाली होती. मी बसल्या जागी धोतरात हात घालून दाभणीने ती उसवायला लागलो. लोकांना कळेना.

"काय करतोस रे?" मापाडी म्हणाला.

मी उसवतच राहिलो. दाभण दोनदा बोटात गेली. गाठ सुटली. मी पहिली माळ ओढून काढली आणि पारड्याबाहेर टाकली. शिशाच्या गोळ्या दगडावर खडखडल्या. मग दुसरी.

दुसरी सुटली तसं माझं पारडं जमिनीवरून उठलं आणि मी वर गेलो. आईच्या चार ढेपा खाली बसल्या. मी हवेत, पाय लोंबत, डुलत. अख्खं कल्याण खाली!

हसण्याचा जो गदारोळ झाला तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. हमाल मांड्या थोपटत होते. बायका पदर तोंडाला लावून वाकल्या. कोळी दोस्त तेवढा हसला नाही. तो गुडघ्यांवर बसून दोन्ही माळा उचलून गोळ्या मोजत होता. ठाण्याचा मुकादम सगळ्यात मोठ्याने हसला आणि म्हणाला, "मुलगी द्यायची कुणाला हो? पोराला की शिशाला?" मग टोपी सारखी करून टेकडी उतरायला लागला. गाडीची वेळ झाली होती त्याची. ते लग्न झालं नाही. त्याबद्दल मला आणखी काही लिहायचं नाही.

आई हसली नाही. रागावलीही नाही. ती काट्याजवळ आली.

"मापाडी, गूळ किती जास्त आहे?"

मापाड्याने हसू आवरलं. पिशवीतून शेराची वजनं काढून माझ्या पायांशी एक ठेवलं, दुसरं ठेवलं. दांडी सरळ झाली. गुरवाने घंटा वाजवली.

"दोन शेर," मापाडी म्हणाला. "अगदी बरोबर दोन."

"म्हणजे हा मणाला दोन शेर कमी."

"हो वहिनी."

"मग माझे हात बरोबर होते," ती म्हणाली, आणि गूळ फोडायला बसली.

तिने सगळ्यांना प्रसाद वाटला, हसणाऱ्यांना आधी. मला खडा दिला तेव्हा माझ्याकडे बघितलं नाही. मापाडी जाताना माझ्याजवळ थांबला. मला वाटलं आता काही तरी बोलेल. तो म्हणाला, "बोटाला हळद लाव," आणि काटा खांद्यावर टाकून निघून गेला.

घरी आम्ही दोघं जेवायला बसलो. मी सांगायला तोंड उघडलं तर आई म्हणाली, "भात घे." मी घेतला.

माझा नातू हल्ली आरशासमोर श्वास रोखून छाती फुगवतो. मी दारातून बघतो आणि खाकरून पुढे जातो. सांगावंसं वाटतं, पण माझं खूळ तरी कुणी सांगून सुटलं होतं?

तुळेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आई मुसळ घेऊन निघाली होती. मी तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो, बंडी वर केली आणि करदोटा पुढे ओढून दाखवला.

"हा सैल आहे. बांधून दे."

तिने मुसळ भिंतीला टेकवलं. जुनी गाठ सोडली, दोरा कमरेभोवती नीट बसवला, नवी गाठ मारली आणि चार बोटांचा उरलेला तुकडा दाताने तोडला. गाठीखाली बोट घालून बघितलं. बोट जेमतेम गेलं.

"टोचतो का?"

"नाही."

मी बंडी काढून खुंटीला अडकवली, दाभण पागोट्यात खोचली आणि तसाच उघड्या अंगाने बंदरावर गेलो.